मदत हवी आहे: मोठ्या भोपळ्याच्या गालांतून उजेड झिरपतच नाही

हॅलोविनसाठी (३१ ऑक्टोबरचा सण, त्यात पोकळ भोपळ्यावर चेहरा कोरून आत दिवा लावतात) भोपळा कोरतोय, अमेरिकेत न्यू जर्सीत. ‘अटलांटिक जायंट’ जातीचा, साधारण १४० किलोचा भोपळा लाकडी पॅलेटवर ठेवलाय. झाकण खचून आत पडतं म्हणून देठाकडून कापला नाही. मागून ३५ सेंमीचं भोक पाडलंय. बिया आणि धागे काढून झाले. चेहऱ्यामागची भिंत १५ सेंमी होती, आतून खरवडून ६ वर आणली. खिळा टोचून मोजतोय.

डोळे-तोंड आरपार आहेत, तिथून उजेड झकास येतो. गालांची मात्र साल काढून गर २ सेंमी खोल कोरलाय, म्हणजे ४ उरला, आणि तिथे मिट्ट काळोख. ९ वॅटचे दोन पिवळसर एलईडी लावून पाहिले, मागे ॲल्युमिनियम फॉइलही लावली. फरक नगण्य.

मेणबत्ती सुचवू नका, मुलं अगदी जवळ येतात. चार रात्री टिकायला हवा. कडांवर ब्लीचचं पाणी मारतोय, तरी दातांची टोकं सुरकुतायला लागलीच.

गालांचा गर नेमका किती सेंमीवर आणू? २ वर नेला तर वरच्या वजनाने चेहरा चिरेल का? की गर तसाच ठेवून ३० वॅटचा फ्लडलाइट लावू, आणि त्याच्या उष्णतेने आतून लवकर सडेल का?