शांत पोर म्हणजे हुशार की कच्चं?

अबोलीची आई:
शनिवारी लेकीच्या शाळेत ओपन डे होता. सहावीत आहे. बाई म्हणाल्या, खूप शांत आहे, हात वर करत नाही, विचारलं की खाली बघते, मला वाटतं बेसिकच कच्चं आहे. घरी आले तर सासूबाई म्हणतात, अगं अबोल माणसं आतून फार हुशार असतात, उथळ पाण्यालाच खळखळाट. एकाच दिवसात, एकाच गप्प बसण्याचे दोन उलटे निकाल, आणि दोघींपैकी कुणी तिला नीट बसवून काही विचारलेलं नाही. मीही नाही, खरं सांगायचं तर.
रात्री दप्तर आवरताना गणिताच्या वहीचं मागचं पान दिसलं. रिक्षावाले काका कुठल्या मुलाला किती वाजता सोडतात ते दोन आठवड्यांचं लिहून ठेवलंय, मिनिटांसकट, आणि खाली हिशोब, की कॉलनीच्या मागच्या गेटनं आधी वळले तर ही नऊ मिनिटं लवकर घरी पोचते. कुणाला एक शब्द बोलली नाही.
तुम्हाला काय वाटतं, शांत स्वभाव आणि बुद्धी यांचा खरंच काही संबंध असतो का?

कमीबोल्या:
असतो, आणि मी हे चौदा वर्षं आयटीत काढून म्हणतोय. विचार करायला आत शांतता लागते, तोंड चालू असलं की डोकं ऐकत नाही. भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक इतकं कमी बोलायचा की केंब्रिजचे सहकारी गमतीनं म्हणायचे 'एक डिरॅक' म्हणजे तासाला एक शब्द, त्याला १९३३ साली नोबेल. शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश घरातल्या मोलकरणीला जेवणात काय हवं ते चिठ्ठी लिहून कळवायचा आणि त्याच माणसानं १७९८ मध्ये पृथ्वीची घनता मोजली. आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे, चाळीस मिनिटांच्या कॉलवर सगळे एकमेकांवर ढकलत होते, हा म्यूटवर, शेवटी चॅटमध्ये एक ओळ टाकली, "सर्व्हर यूटीसीवर आहे, आपण आयएसटी धरतोय." म्हणजे सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर आणि आमचा हिशोब भारतीय वेळेवर. संपला विषय. तुमची लेक त्याच जातकुळीतली आहे, निश्चिंत राहा.

फटकळ नागपूरकर:
भाऊ, डिरॅक सांगितला तर भौतिकशास्त्रातलाच फाइनमन काहून नाही सांगितला? बोंगो वाजवणारा, तासन्‌तास किस्से सांगणारा माणूस, १९६५ चं नोबेल. आणि फाइनमननं स्वतःचं एक मोठं काम डिरॅकच्याच १९३३ च्या पेपरवरून पुढं नेलं, म्हणजे बुद्धी एकच, स्वभाव दोन टोकांचे. आपले डॉ. माशेलकर घ्या, हळदीच्या अमेरिकन पेटंटची लढाई १९९७ मध्ये जिंकली, आणि आजही बोलायला उभे राहिले की सभागृह हलत नाही. नावं वेचून काढली तर काहीही सिद्ध करता येतं. मानसशास्त्रात स्वभावाचे जे पाच मोठे गुण मोजतात त्यात बहिर्मुखपणा आणि बुद्ध्यांक यांचा संबंध शून्याच्या आसपास निघतो, थोडाफार निघतो तो नव्या गोष्टींच्या ओढीशी, त्याला ओपननेस म्हणतात. गप्प बसणाऱ्यांत हुशार असतात तसे काहीच न सुचणारेही असतात, मी दोन्ही पाहिलेत. आपल्याकडे गप्प माणसाला फुकटचं श्रेय द्यायची सवय आहे ती मला पटत नाही, त्यात बडबड्या हुशार पोरावर अन्याय होतो, त्याला लगेच आगाऊ म्हणून मोकळे.

खडू-फळा:
बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतेय. आधी त्या बाईंच्या बाजूनं बोलते. पन्नास-पंचावन्न पोरं समोर असतात, जे ऐकू येतं त्यावरच आमचा अंदाज बांधला जातो, मनातलं वाचता येत नाही. पण चूक आमचीही आहे आणि ती मोजलेली आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांत टेप लावून पाहिलं तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात, की लगेच दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच सांगून टाकतात. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि कधी न बोलणारी पोरं बोलायला लागतात. डीएडला ऐकलं होतं, विसरले होते, मग एकदा वर्गात मनात एक-दोन-तीन मोजायला लागले. तीन सेकंद वर्गात फार लांब वाटतात हो. चौथ्या दिवशी खिडकीजवळची एक मुलगी बोलली जिचा आवाज मी जूनपासून ऐकला नव्हता, अपूर्णांकांची बेरीज तिनं वेगळ्याच रीतीनं केली होती. आणि हेही सांगते, तिच्या शेजारची, तितकीच गप्प, तिला खरंच येत नव्हतं, तिला पुन्हा पाढ्यांपासून घ्यावं लागलं. बाहेरून दोघी सारख्या दिसायच्या.

बीडकर, सध्या पुण्यात:
शांत स्वभाव शांत स्वभाव काय लावलंय सगळ्यांनी. मी गावात इतका बोलायचो की मास्तर वैतागायचे, गणपतीत भाषण माझंच. दहावीपर्यंत मराठी मीडियम. पुण्यात इंजिनिअरिंगला आलो आणि पहिल्या सहा महिन्यांत माझं नाव पडलं 'सायलेंट'. पोरं म्हणायची हा इंट्रोव्हर्ट आहे. अरे इंट्रोव्हर्ट कसला, डोक्यात उत्तर तयार असायचं पण त्याचं इंग्रजी करेपर्यंत दुसरा कुणीतरी बोलून मोकळा, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तर घसा कोरडा पडायचा, एक्स्टर्नल परीक्षक म्हणाले, कन्सेप्ट क्लिअर नाहीत. कन्सेप्ट क्लिअर होते सर, शब्द नव्हते. तेव्हा कुणी गप्प दिसलं की आधी बघा त्याला कुठं गप्प केलंय, मग स्वभाव आणि बुद्धीच्या गोष्टी करा.

माहेरवाशीण:
बीडकर, अगदी. मुलींचं तर विचारूच नका. मी गप्प असायचे तर पाहुणे म्हणायचे किती समजूतदार, बोलायला लागले तर फाजील. तो माझा स्वभाव नव्हता, मला लावलेलं वळण होतं, पस्तिशीत सुटतंय हळूहळू. ताई, सहावी म्हणजे त्याच वयात येतेय तुमची, लक्ष ठेवा.

फटकळ नागपूरकर:
बीडकर भाऊ, तुमचं सोळा आणे मान्य. पण मग उपाय काय, बोलायला शिकणं हाच ना? आमची आजी म्हणायची, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. २००९ मध्ये बर्कलेच्या संशोधकांनी लोकांना गटात बसवून गणितं सोडवायला दिली, तर शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा गटानं पहिलं जे उत्तर कुणी बोललं तेच धरलं. आणि जे ठासून बोलत होते ते गणितात काही जास्त चांगले नव्हते, तरी बाकीच्यांना तेच हुशार वाटले. कॅम्पस मुलाखतींच्या जीडीत, म्हणजे ग्रुप डिस्कशनमध्ये, हेच होतं. जग तीन सेकंद थांबत नाही हो मॅडम, पोरीला आत्ताच वक्तृत्वाला घाला.

कमीबोल्या:
हे तर माझ्याच बाजूचं झालं की! पहिला बोलला त्याचं उत्तर धरलं यात गटाचं नुकसान झालं, आणि तुम्ही म्हणताय गप्प माणसानं बदलावं. गटाला का नाही थांबता येत? शिवाय सगळ्यांना बोलून विचार जमत नाही. स्टॅनफर्डच्या हीजंग किम यांचा २००२ चा प्रयोग आहे, आकृत्यांची कोडी सोडवताना मोठ्यानं बोलत विचार करा म्हटल्यावर गोऱ्या अमेरिकन मुलांना फरक पडला नाही, पण पूर्व आशियाई वंशाच्या मुलांचे मार्क उतरले. मुलं तीच, कोडी तीच, फक्त बोलायला लावलं. वक्तृत्वाच्या पाठांतरानं हे बदलत नाही. पण "अबोल म्हणजे हुशारच" हे माझं पहिलं वाक्य मी मागं घेतो, खडू-फळा मॅडमच्या त्या दुसऱ्या मुलीमुळे. तिला मी हुशार म्हणून सोडून दिलं असतं आणि तिचे पाढे कच्चेच राहिले असते.

फटकळ नागपूरकर:
मी माझं मागं घेत नाही. वक्तृत्व नको तर नको, पण स्वतःचं म्हणणं चारचौघांत मांडता आलंच पाहिजे, नाहीतर ते नऊ मिनिटं वहीतच राहतील.

अबोलीची आई:
सगळे प्रतिसाद वाचले. नागपूरकर, तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं म्हणून काल रात्री तिला ते पान दाखवून विचारलं, हे काकांना का सांगत नाहीस? मग मोजायला लागले. तीनपर्यंत काही नाही. मला तोंड उघडायची इतकी घाई झाली होती, पण दात धरून बसले. सात का आठला म्हणाली, "आई, मी लवकर आले तर तो पहिलीतला मुलगा सगळ्यात शेवटी उरतो. तो रिक्षात एकटा असला की रडतो."
बाईंना मी बुधवारी भेटायला जातेय, तिला घेऊन.