मदत हवी आहे : टिश्यू कल्चरमधला बटाटा वाढेना, कुठलं हार्मोन घालू?

हिंडलग्याचा_पोरगा
अर्जंट आहे, कोणीतरी सांगा की. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे बटाट्याचे तुकडे बाटलीत मीडियावर (पोषणाच्या जेलीवर) वाढवायच्या, बाटल्या लावलोय, फुटवे येतात पण बोटाच्या पेराएवढे होऊन तिथंच थांबतात, बुडाला पांढरा भुसभुशीत गोळा धरतोय, पानं काचेसारखी झालीत आणि मूळ तर नावाला नाही. हार्मोन बदलून बघितलो, काय उपयोग नाही. कुठलं किती घालायचं तेवढंच सांगा, सरांना दाखवायचंय.

केळीवाला_जी९
बीएपी (फुटवे काढणारं हार्मोन) वाढव. आम्ही केळीत ४-५ मिलिग्रॅम घालतो, झुबकेच्या झुबके येतात.

लॅमिनारवाली
थांबा ओ. जात कुठली? लावलंय काय, शेंडा, मेरिस्टेम (शेंड्याचं अगदी टोक) का खोडाची गाठ? आता बीएपी किती आहे? यातलं काहीच सांगितलेलं नाही आणि औषध लिहायला सगळे तयार.

हिंडलग्याचा_पोरगा
कुफरी ज्योती. गाठच लावलोय, ते काय सांगायचं. एमएस (नेहमीचा क्षारांचा मीडिया), साखर ३० ग्रॅम, लिटरला बीएपी २ मिलिग्रॅम आणि एनएए (मुळांचं हार्मोन) अर्धा.

लॅमिनारवाली
मग गोळा धरणारच. बटाट्याच्या गाठीला आत डोळा तयार असतो, त्याला फक्त वाढायचं असतं. साधा एमएस, साखर तीच ३० ग्रॅम, अगर (मीडिया घट्ट करायची पूड) ७-८ ग्रॅम, पीएच ५.८, हार्मोन शून्य. २२-२४ डिग्री आणि १६ तास उजेड मिळाला की ३-४ आठवड्यांत मुळासकट रोप उभं राहतं, मग परत एकेक गाठ कापायची. एवढंच मल्टिप्लिकेशन.

केळीवाला_जी९
हार्मोनशिवाय कल्चर? मग लॅब कशाला, कुंडीत लावा की.

लॅमिनारवाली
केळीला कापायला गाठी नसतात म्हणून तुम्हाला बीएपीनं झुबके काढावे लागतात. बटाट्यात जास्त बीएपी लागतं ते मायक्रोट्यूबरला (बाटलीतच धरणाऱ्या बारक्या बटाट्यांना), तेही साखर ८ टक्के करून अंधारात ठेवायचं तेव्हा.

कडोली_शिवार
पोरा, एवढं कशाला करूलायस. आमच्यात जालंधरचं बी येतंय, दोन-दोन डोळे ठेवून कापायचं, मँकोझेब बुरशीनाशकात घोळवायचं, सावलीत सुकवायचं आणि पावसाच्या तोंडाला लावून मोकळं. तांबड्या मातीत झ्याक येतंय बघ.

हिंडलग्याचा_पोरगा
काका, शेताचं विचारलो नाही ओ. @लॅमिनारवाली, जीए हार्मोन (जिबरेलिक ॲसिड) घालून उंची वाढत नाही का? मी घातलो, काय फरक पडला नाही.

लॅमिनारवाली
कधी घातलंस? ऑटोक्लेव्हच्या (वाफेनं निर्जंतुक करायच्या) आधी का नंतर?

हिंडलग्याचा_पोरगा
आधीच, सगळं एकदम.

लॅमिनारवाली
उष्णतेनं जीएचा बराचसा नाश होतो. थोड्या अल्कोहोलात विरघळवून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचं आणि मीडिया कोमट झाला की लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) घालायचं. लिटरला ०.१ मिलिग्रॅम पुरे, जास्त घातलं तर दोऱ्यासारखी लांबतात. पण आधी बीएपी काढ, जीए नंतरचं.

सायन्स_कट्टा
झाकण कसलं लावतोस रे?

हिंडलग्याचा_पोरगा
प्लास्टिकचं, घट्ट, वर पॅराफिल्म (ताणून गुंडाळायची सीलपट्टी). नाहीतर बुरशी येतेय.

सायन्स_कट्टा
काचेसारखी पानं तिथनंच आली असणार. आत दमटपणा कोंडतो, इथिलीनही (रोपातनंच निघणारा वायू) साठतं आणि बटाट्याला ते अजिबात सोसत नाही, पानं बारकी राहून शेंडा खुरटतो. कापसाचा बोळा लाव किंवा फिल्टरचं झाकण घे.

केळीवाला_जी९
आमच्या बाटल्या घट्टच असतात, काही होत नाही.

सायन्स_कट्टा
परत केळी!

हिंडलग्याचा_पोरगा
आता गोळा धरलेल्यांचं काय करू, फेकू?

लॅमिनारवाली
वरचा हिरवा शेंडा बरा असेल तर तेवढा कापून हार्मोन नसलेल्या मीडियात लाव. गोळा फेक. त्यातनं फुटलेलं रोप मूळ जातीसारखंच निघेल याची खात्री नसते, बियाण्याच्या कामाला ते घेऊच नये.

कडोली_शिवार
बरं, रोपं तयार झाल्यावर कितीला देणार? आणि रताळ्याचं पण असं होतंय काय?

हिंडलग्याचा_पोरगा
विकायची नाहीत ओ काका, कॉलेजचा प्रोजेक्टय. रताळ्याचा वेगळा धागा काढा की.