टीकिंटर: १०९२ व्या ओळीनंतर स्क्रोलमध्ये सगळं कोरं, मदत हवी आहे

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत दुकानासाठी संत्र्यांच्या आवकीची नोंदवही पायथन-टीकिंटरमध्ये (पायथनची खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) करतोय, उबंटूवर. फ्रेमला स्वतःचा स्क्रोल नसतो, म्हणून ती कॅनव्हासमध्ये (स्क्रोल करता येणाऱ्या विजेटमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या घटकात) बसवली. प्रत्येक ओळ ३० पिक्सेल. हजारापर्यंत झकास, १०९२ नंतरची ओळ अर्धी कापलेली, पुढे नुसता पांढरा पडदा. स्क्रोलबार मात्र खाली जातच राहतो! १०९२ आणि ३० चा गुणाकार केला तर ३२,७६७ च्या (चिन्हासह १६ बिटांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येच्या) जवळ येतो, म्हणजे १६ बिटांचीच मर्यादा आडवी येत असावी. स्क्रोलरीजन (किती भाग स्क्रोल व्हावा ती हद्द) हाताने वाढवून पाहिलं, फरक शून्य. ट्रीव्ह्यू (टीकिंटरचा तयार तक्ता) नको, मालकांना भाव ओळीतच बदलायचाय. यादीची वेगवेगळी पानंही नकोत म्हणतात. आता दिसणाऱ्या २० ओळींचेच विजेट ठेवून आतला डेटा बदलत राहायचा विचार आहे. मग स्क्रोलबारला वायव्ह्यूऐवजी (कॅनव्हास वर-खाली सरकवणाऱ्या त्याच्या तयार फंक्शनऐवजी) स्वतःचं फंक्शन कसं जोडायचं, आणि अर्धवट टाइप केलेला भाव स्क्रोल होताना कुठे जपायचा?