शब्द जुने, पण चाल कुणाची? ज्यू मुलांच्या प्रार्थनांचं रेकॉर्डिंग

माडीवरचा रेकॉर्डिस्ट, शहापूर (बेळगाव)

नमस्कार मंडळी. शहापुरात घराच्या माडीवर माझा लहानसा स्टुडिओ आहे. पूर्वी तिथं आजोबांचा हातमाग होता, आता भिंतींना गोधड्या ठोकल्यात. शेजारचे पॉवरलूम रात्री थांबले की माझं काम सुरू. हरिपाठ, भजनी मंडळं, गणपतीची गाणी, मधूनच एखादं कन्नड भावगीत.

यंदा काम वेगळं आलंय. ठाण्यात बेने इस्रायल, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, मुलांचा एक धर्मवर्ग चालतो. चौदा पोरं, चार गाणी. व्होकल त्यांनी तिकडंच करून पाठवलेत, पेटी-तबला घालून मिक्सिंग मी करायचं. दोनशे पेन ड्राइव्ह दीडशे रुपयांना विकणार, शिवाय यूट्यूबवर टाकणार. गाणी: शालोम अलेखेम, ओसे शालोम, एलियाहू हानावी, आणि एक मराठी गाणं. त्याचे शब्द त्यांच्या सरांचे, चाल नव्वदच्या दशकातल्या एका हिंदी सिनेमातली.

परवानगीचं विचारलं तर सर म्हणाले, "अहो, प्रार्थना शेकडो वर्षांच्या. त्यांचा मालक कोण? आणि शाळेला, धर्माला माफ असतं की."

मलाही पटलं असतं, पण हात एकदा पोळलाय. एका भजनी मंडळाचा तुकोबांचा अभंग मीच रेकॉर्ड करून चढवला होता. तासाभरात यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम आला. अभंग तुकोबांचा, पण बुवांनी चाल कॅसेटवरची जशीच्या तशी उचललेली. मंडळानं उरलेले पैसे अजून दिले नाहीत, वर गावभर माझंच नाव. म्हणून आधीच विचारतो, या गाण्यांना परवानगी लागते का?

पायपेटी, निपाणी

दादा, सिनेमाची चाल पहिल्यांदा काढून टाका. आमच्याकडं सप्त्यात निम्मी भजनं सिनेमाच्या चालीवर होतात, मांडवात कुणी विचारत नाही. पण यूट्यूबचं मशीन मांडवात बसत नाही, ते नुसत्या चालीवरूनही ओळखतं. शब्द बदलले म्हणून सुटका नाही.

काळा कोट, खानापूर

सरांचं अर्धंच खरं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलती आहेत. वर्गाच्या कार्यक्रमात मुलं-शिक्षक गातात आणि समोर पालक, शाळेशी संबंधित माणसंच बसलीत, तर चालतं. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गायलं तरी चालतं. पण ही सवलत तिथं प्रत्यक्ष गाण्यापुरतीच आहे. त्याचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून विकलंत किंवा नेटवर टाकलात की ती लागू नाही. नफा होवो न होवो.

आता मुदत. गीत आणि संगीत यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. तुमच्या अभंगाचंच घ्या. समजा चाल श्रीनिवास खळ्यांची असेल, तर खळे गेले २०११ साली, म्हणजे २०७१ संपेपर्यंत ती चाल मोकळी नाही. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, खळ्यांची चाल नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा, प्रसिद्धीनंतर ६० वर्षं.

कव्हर व्हर्जनची, म्हणजे आधी निघालेलं गाणं नव्यानं गाऊन रेकॉर्ड करण्याची, वाट कलम ३१सी मध्ये आहे. मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं झालेली हवीत, आणि रॉयल्टी दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची धरतात. तुमचे पेन ड्राइव्ह दोनशे. तो नाद सोडा.

कँपातली, बेळगाव

मी स्वतः बेने इस्रायल. माहेर अलिबागकडचं, मिस्टर मिलिटरीत म्हणून सध्या इथं. हा धागा बघून राहवलं नाही.

सरांचा घोटाळा कुठं झालाय सांगते. ओसे शालोमचे शब्द प्रार्थनेतले, फार जुने. पण आता जगभर जी चाल गातात ती नुरीत हिर्श या संगीतकार बाईंनी १९६९ मध्ये इस्रायलमधल्या हसिदी गीतमहोत्सवासाठी बांधलेली. पोरांनाच काय, मोठ्यांनाही ती पुरातन वाटते. शालोम अलेखेमची प्रसिद्ध चाल इस्रायल गोल्डफार्ब यांची, १९१८ ची, न्यूयॉर्कमधली. तीही पारंपरिक म्हणूनच खपते.

एलियाहू हानावी मात्र आमच्या घरातलं. मलिद्याच्या, म्हणजे आमच्या नवसाच्या विधीच्या, वेळी पोहे, गूळ, खोबरं, फळं ताटात मांडली की आजी ज्या चालीत गायची ती कुणी कागदावर उतरवलेली नाही. पोरांना आज्यांकडून चाल घ्यायला सांगा. ओसे शालोमही घरच्या जुन्या चालीत मिळतं का बघा.

आणि दादा, फेरटेकसाठी शनिवारी फोन करू नका हो. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, त्यात रेकॉर्डिंग होत नाही.

माडीवरचा रेकॉर्डिस्ट

ताई, गेल्या शनिवारीच चार मिस्ड कॉल मारले. आता कळलं कुणी का उचलला नाही.

वकीलसाहेब, गोल्डफार्बांच्या चालीचं काय?

काळा कोट, खानापूर

ते १९६७ मध्ये वारले. नुसते आपले ६० वर्षांचे नियम लावले तर २०२७ अखेरपर्यंत. पण परदेशी कृतीला तिच्या मूळ देशापेक्षा जास्त मुदत आपल्याकडं मिळत नाही, आणि १९१८ मधली छापील गाणी अमेरिकेत कधीच मोकळी झालीत. मूळ चाल घ्या. कुणाची नवी अरेंजमेंट ऐकून हुबेहूब वाजवू नका, तिचा हक्क वेगळा निघू शकतो. हिर्शबाईंचीच चाल हवी असेल तर इस्रायलमधल्या आकुम या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेकडं चौकशी करावी, इकडं तसंच काम बघणाऱ्या आयपीआरएसला पत्र टाकावं, आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबावं.

मुलं अल्पवयीन, तेव्हा प्रत्येकाच्या पालकाची सही घ्या. तयार रेकॉर्डिंगचा मालक वर्ग की तुम्ही, तेही आत्ताच लिहून ठेवा. बेळगावात आपण तोंडी व्यवहारात पटाईत, पण तोंडी काही टिकत नाही.

माडीवरचा रेकॉर्डिस्ट

रविवारी सरांशी बोललो. सिनेमाचं गाणं गेलं. जरा नाराज झाले, शब्द त्यांचे होते ना. त्या शब्दांना मीच भूपात साधी चाल लावून देतो म्हटलं, तेव्हा खुलले. ओसे शालोम बाजूला ठेवलंय.

काल एका पोराच्या आजीचं एलियाहू हानावी फोनवर रेकॉर्ड होऊन आलं. मागं कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत, आणि दुसऱ्या शिट्टीला आजी थांबून "गॅस बारीक कर गं" म्हणतात, मग तिथूनच पुढं गातात. पेटीवर सूर काढून बघितला, काळी एक लागली. उद्या पॉवरलूम थांबले की तबला लावतो.