डिप्रेशन-अँक्झायटीत 'स्वतःची काळजी घे' म्हणतात, म्हणजे नेमकं करायचं काय?

मानेवाड्याची_मी
नमस्कार. नुकतंच सायकियाट्रिस्टला दाखवलं, अँक्झायटी आणि डिप्रेशन दोन्ही आहे म्हणाले, गोळ्या चालू झाल्यात. आता घरी, ऑफिसात सगळे एकच सांगून राहिले, स्वतःची काळजी घे. म्हणजे काय करू? मोबाईल उघडला की सुगंधी मेणबत्त्या, फेसपॅक आणि पहाटेचा योगा दिसतो. इथं दात घासायचे म्हटलं तरी अंगात जीव नसतो, टॉवेल हातात घेऊन पलंगावर बसून राहते, मग लॅपटॉपवर मिटिंग सुरू होते आणि आंघोळ राहूनच जाते. संध्याकाळी उलटंच, दिवे लागले की छातीत धडधड, कोणाचा फोन वाजला तरी वाटतं काहीतरी वाईट झालं. आई म्हणते बाहेर फिरून ये, बरं वाटेल. नागपूरच्या 45 डिग्रीत कुठं फिरू? अजून तर नवतपा, मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायचा आहे.
अगदी खराब दिवशी तुम्ही खरंच काय करता ते सांगा, प्लीज.

त्रिमूर्तीनगर_काकू
बेटा, मी या आजारासोबत बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगते, इच्छा झाली की करीन असं ठेवू नको, डिप्रेशनमध्ये ती इच्छाच येत नाही. आधी हातपाय हलवायचे, मन मागाहून येते. याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात, थेरपीत शिकवतात, आणि यात काम इतकं लहान करायचं असते की नाही म्हणायला जागा राहत नाही.
आता आंघोळीचंच घे. मी बाथरूममध्ये प्लास्टिकचा स्टूल ठेवलाय, उभं राहायची ताकद नसली की बसून चार मग पाणी घ्यायचं, झालं, साबण लागला तर लागला. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापते, म्हणून रात्रीच बादली भरून ठेवते, सकाळी ते पाणी थंड असते आणि बादली भरायचं एक काम कमी होते. तेही नाही झालं तर ओल्या टॉवेलनं तोंड, मान, काखा पुसायच्या आणि कपडे बदलायचे. ही अर्धवट आंघोळ नाही, त्या दिवसाची तीच पूर्ण आंघोळ.
खायचं चांगल्या दिवशी ठरवून ठेवायचं, खराब दिवशी डोकं कांदा चिरू की नको यातच अडकते. माझ्याकडे सत्तू, फुटाणे, केळी कायम असतात, आणि दहीभात. गोळी उपाशीपोटी घेतली की मला मळमळायचं म्हणून आधी दोन घास. आणि आईला 'मला बरं नाही' एवढंच सांगू नको, काम सांग. 'आई, नऊ वाजता दहीभात आणून दे आणि पाच मिनिटं जवळ बस, बोलू नको.' आयांना काम दिलेलं बरं वाटते गं, त्यापण घाबरलेल्या असतात.

औषधवाला_सदर
काकूंचं पटलं. मी मेडिकल स्टोअरमध्ये असतो म्हणून गोळ्यांबद्दल लिहितो. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचा फायदा जाणवायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात, पण मळमळ, बेचैनी, झोप बिघडणं हे आधीच चालू होऊ शकतं, लोक तिथंच कंटाळून सोडून देतात. मनानं बंद करू नका, एकदम बंद केल्या की चक्कर, चिडचिड असे त्रास होतात. बरं वाटायला लागलं तरी डॉक्टर बहुतेक सहा महिने किंवा जास्त चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर सोडल्या की आजार उलटतो. झोपेची, घबराटीची जी एसओएस, म्हणजे गरज पडली तरच घ्यायची गोळी असते तिची मात्र सवय लागू शकते, ती चिठ्ठीत लिहिलंय तेवढीच.
आणि आपल्या उन्हाळ्यासाठी खास, काही गोळ्यांनी घाम जास्त येतो, तेव्हा पाणी प्या. कोणी लिथियमवर (मूड स्थिर ठेवायचं औषध) असेल तर अंगातलं पाणी कमी होऊन रक्तातलं लिथियमचं प्रमाण वाढू शकतं, त्यांनी उलटी-जुलाब झाले की लगेच डॉक्टरांना फोन करायचा. थायरॉईड, बी12 तपासलं नसेल तर विचारून बघा.

सेमिनरी_हिल्स_वॉकर
फिरायचं म्हणत असाल तर संध्याकाळी फुटाळा तलावावर पाठवतील लोक, माझं मत वेगळं आहे, तिथली गर्दी आणि गाड्यांचे हॉर्न यानं घबराट वाढते. पहाटे ऊन चढायच्या आत सेमिनरी हिल्स किंवा अंबाझरीकडं जा, नाही जमलं तर गच्चीवर दहा मिनिटं, चपला घालून दाराबाहेर गेलात तरी मोजा.
संध्याकाळच्या धडधडीसाठी, दुपारनंतर चहा-कॉफी बंद करून बघा, कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास जातात. धडधड आली की श्वास घेता त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. कूलरसमोर बसून करतो मी.

मानेवाड्याची_मी
स्टूलचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. एक विचारू का, कधी कधी वाटतं आपण नसतो तर घरच्यांचा ताण कमी झाला असता. करणार काही नाही, पण विचार येतो. हे डॉक्टरांना सांगायचं असते का? ते अ‍ॅडमिट करतील काय?

त्रिमूर्तीनगर_काकू
सांगायचंच बेटा, आणि पुढच्या तारखेची वाट न बघता उद्याच फोन कर. असा विचार फार जणांना येतो, तेवढ्यावरून कोणी लगेच भरती करत नाही, पण त्यावरून ते औषध ठरवतात. घरच्यांचा ताण कमी होत नसतो गं, तुला तसं वाटवणं हाच या आजाराचा भाग आहे. रात्री-बेरात्री विचार वाढला तर 14416 लाव, टेली मानस, सरकारी आहे, 24 तास आणि फुकट, मराठीत बोलतात. आणि काही करून बसू असं वाटलं तर एकटी थांबू नको, आईला उठव, सरळ मेडिकल किंवा मेयो, या सरकारी हॉस्पिटलांच्या कॅज्युअल्टीत जायचं.
आत्ता घरी कोण आहे?

मानेवाड्याची_मी
आई आहे, समोरच्या खोलीत. नंबर सेव्ह केला. उद्या दहाला क्लिनिक उघडते, आईलाच फोन लावायला सांगते, माझ्यानं बोलणं होणार नाही नीट.

औषधवाला_सदर
चालेल, आईंनी लावला तरी चालते. तुम्ही आत्ता लिहिलं ते जसंच्या तसं कागदावर काढून आईंजवळ द्या, फोनवर तेवढं वाचून दाखवतील. गोळ्यांची पट्टीपण जवळ ठेवायला सांगा, नाव आणि डोस विचारतात.