बुरशी लागलेला मका खाऊन डुकरांची पिल्लं आजारी, मदत हवी आहे
राम राम मंडळी, माझ्याकडं २२ पिल्लं आहेत, दोन-अडीच महिन्यांची. परतीच्या पावसात भिजलेला मका स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, ऊन दाखवून भरडला, वास कुबट होता पण म्हटलं डुकरं काय सगळंच खातात, तिथंच चुकलं. आठ दिवसांत माद्यांची निरण (योनीचा बाहेरचा भाग) सुजून लाल झालीय, जणू एवढ्या वयात माजावर आल्यात, एकीची तर आतडी मागून बाहेर आलीय. डॉक्टर म्हणाले बुरशीचं विष, झिअरालेनोन असावं, मका लगेच बंद केलाय. टॉक्सिन बाइंडर (खाद्यातलं विष धरून ठेवणारी पावडर) कुणी वापरलंय का, १०० किलो खाद्याला किती टाकता? सूज किती दिवसांत उतरते? आणि उरलेला ४ क्विंटल मका कोंबड्यांना चालेल का, की पुरूनच टाकू?